पोटाच्या जुन्या तक्रारी: कोणती तपासणी आधी, कोणती नंतर आणि कोणती नकोच

पुण्यात तपासण्या करून घेणं आता मुळीच अवघड राहिलेलं नाही. रात्री फोनवर बुकिंग केलं की सकाळी सातच्या आत लॅबचा माणूस दारात उभा असतो आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. घोडं अडतं ते कोणती तपासणी करायची इथे. वर्ष-दोन वर्षं पोट गच्च होतंय. कधी दोन-दोन दिवस साफ होत नाही, तर कधी हिंजवडीची बस पकडायच्या आधी तीनदा संडासला जावं लागतं. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर सोडून काही नाही, एन्डोस्कोपीत किरकोळ सूज. अशा माणसाला कुणीतरी ‘फंक्शनल’ किंवा ‘गट हेल्थ’ नावाचं पॅकेज सुचवतं. साठ-सत्तर घटक, पाच आकडी बिल.

ते घेण्याआधी एक हिशेब बघा. लॅबची नॉर्मल रेंज सहसा अशी आखतात की १०० निरोगी माणसांपैकी ९५ जण तिच्या आत बसावेत. म्हणजे प्रत्येक घटकात ५ टक्के निरोगी लोक रेंजच्या बाहेर असणारच. एकमेकांशी संबंध नसलेले २० घटक एकदम मोजले, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के होते. ६० मोजले तर सुमारे ९५ टक्के. मोठ्या पॅकेजमध्ये ‘काहीतरी सापडतंच’ ते यामुळे. त्या सापडलेल्या गोष्टीचा तुमच्या पोटाशी संबंध असेलच असं नाही.

म्हणून कुठल्याही तपासणीआधी कागदावर दोन ओळी लिहा. पॉझिटिव्ह आली तर मी काय बदलीन? निगेटिव्ह आली तर काय बदलीन? दोन्ही ओळी सारख्याच निघाल्या तर ती तपासणी करू नका. खाली जो क्रम दिला आहे तो याच कसोटीवर लावलेला आहे.

आधी धोक्याच्या खुणा

शौचातून रक्त, प्रयत्न न करता घटलेलं वजन, रेंगाळणारा ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, गिळताना अडकणं, वारंवार उलट्या, हिमोग्लोबिन कमी, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच बदललेली शौचाची सवय. यातलं एक जरी असेल तर वही-बिही नंतर, आधी पोटविकारतज्ज्ञ गाठा. ‘मूळव्याधीचंच रक्त असेल’ हे घरी बसून ठरवू नका.

चौदा दिवसांची वही

ही तपासणी फुकट आहे आणि पुढच्या निम्म्या तपासण्या वाचवते. शौचाचा प्रकार लिहायला १९९७ साली प्रसिद्ध झालेला ब्रिस्टल तक्ता वापरा. १ म्हणजे लेंड्यांसारखे सुटे खडे, २ म्हणजे खड्यांचा एकत्र झालेला गोळा, ३ आणि ४ चांगले, ५ मऊ तुकडे, ६ लगदा, ७ नुसतं पाणी. प्रत्येक वेळेची नोंद करा: किती वाजता, कोणता प्रकार, जोर लावावा लागला का, पोटात दुखत होतं का आणि शौचानंतर ते थांबलं का. खाणं घड्याळाच्या वेळेसह लिहा. ‘जेवण’ असं मोघम लिहून उपयोग नाही. ‘दीड वाजता दोन पोळ्या, मटकीची उसळ, ताक’ असं हवं. बायकांनी पाळीच्या तारखाही टाकाव्यात.

या वहीतून जे दिसतं ते रक्तातून कधीच दिसत नाही. तीन दिवस प्रकार १ आणि चौथ्या दिवशी चार वेळा प्रकार ७, असं चित्र असेल तर ते बहुधा जुलाब नसतात. तुंबलेल्या मळाच्या कडेने पाणी वाट काढत असतं. तिथे जुलाब थांबवायची गोळी घेतली की त्रास दुप्पट. पोटदुखी आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी, गेले तीन महिने, शौचाला जाणं, जाण्याच्या वेळांतला बदल आणि शौचाच्या रूपातला बदल यांपैकी किमान दोन गोष्टींशी निगडित, आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची, असं असेल तर २०१६ च्या रोम ४ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ते आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतडं दिसायला ठीक पण कामात बिघडलेलं) बसतं. धोक्याच्या खुणा नसतील तर हे निदान मोजक्या तपासण्यांवर करता येतं. ‘सगळं नॉर्मल आलं म्हणून आयबीएस’ असं म्हणण्यासाठी सगळं करून बघावं लागत नाही.

चातुर्मास पाळणाऱ्या घरांत एक आयता प्रयोग दरवर्षी होत असतो. कांदा-लसूण बंद झाल्यावर पोट फुगणं कमी झालं आणि कार्तिकी एकादशीनंतर परत सुरू झालं, तर हा पुरावा बऱ्याच महागड्या पॅनेलपेक्षा बोलका आहे. कांदा-लसणातलं फ्रुक्टान नावाचं कर्बोदक लहान आतड्यात पचत नाही, ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. गव्हातही तेच असतं. म्हणून ‘गहू सोसत नाही’ म्हणजे ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनाचाच दोष असं नसतं.

वहीच्या शेवटच्या पानावर औषधांची यादी हवी. मेटफॉर्मिनने जुलाब होतात. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी खडा होतो. मॅग्नेशियमयुक्त अँटासिडने पोट सैल होतं. रात्रीच्या चूर्णात बहुतेक वेळा सोनामुखी असते, तिचाही हिशेब धरा. जिमवाल्यांच्या व्हे पावडरीत लॅक्टोज असू शकतं आणि शुगर-फ्री गोळ्यांत सॉर्बिटॉल. दोन्ही पोट फुगवतात. इथेच उत्तर सापडलं तर लॅबला जायची गरजच नाही.

आणि हे आठवून बघा: त्रास नेमका कधी सुरू झाला? जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिलान-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता. हा आणि असे इतर जंतू निघून गेल्यावरही काही जणांचं पोट महिनोन्‌महिने बिघडलेलं राहतं. अशा माणसाने सहा महिन्यांनी स्टूल कल्चर केलं तर ते कोरंच येणार. जंतू गेलेला असतो, आतड्याचा हळवेपणा राहिलेला असतो.

पहिली फेरी

रक्तात एवढं पुरे: सीबीसी (रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), सीआरपी (सूज), टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची साखर), यकृताच्या तपासण्या, क्रिएटिनिन, आणि बद्धकोष्ठता असेल तर कॅल्शियम. सीलिअॅकसाठी (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडी आणि त्याच्यासोबत टोटल आयजीए. हे दुसरं नाव पॅकेजमध्ये बऱ्याचदा गाळलेलं असतं, ते मागून घ्या. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही. त्यांची टीटीजी-आयजीए आजार असतानाही निगेटिव्ह येते. त्याहून मोठी चूक म्हणजे गहू सोडून मग ही तपासणी करणं. किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू पोटात गेलेला हवा. पोळ्या बंद करून महिनाभर भाकरी खाल्ली आणि मग रक्त दिलं, तर ‘निगेटिव्ह’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

बायोटिन असलेल्या केसांच्या गोळ्या चालू असतील तर टीएसएचसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा. बी१२ पूर्ण शाकाहारी घरात कमी येणं अगदी नेहमीचं आहे, मेटफॉर्मिननेही ते घटतं. त्यावरून ‘आतडं शोषून घेत नाही’ असा निष्कर्ष कुणी काढला तर लगेच मान डोलावू नका.

शौचाच्या दोन तपासण्या. पहिली साधी मायक्रोस्कोपी, पण एकाच नमुन्यावर समाधान मानू नका. जिआर्डियासारखे परजीवी रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून एकाआड एक दिवस असे तीन नमुने. रिपोर्टवर ‘एन्टामिबा हिस्टोलिटिका सिस्ट’ (आमांशाच्या अमिबाचं कवचातलं रूप) लिहिलेलं दिसलं की आपल्याकडे लगेच मेट्रोनिडाझोलचा कोर्स सुरू होतो. नुसती सिस्ट बघून रोगकारक हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार यांत फरक करता येत नाही. दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. फरक कळायला अँटिजेन (जंतूचं प्रथिन) किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए) तपासावं लागतं. ‘पस सेल्स २-४’ याचा तर आजाराशी काहीच संबंध जोडू नये.

दुसरी म्हणजे फीकल कॅलप्रोटेक्टिन. एकच तपासणी परवडणार असेल तर ही करा. आतड्याच्या आवरणात पांढऱ्या पेशी घुसल्या की हे प्रथिन शौचात उतरतं. मोठ्या माणसात ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता फार कमी. २५०च्या वर असेल तर कोलोनोस्कोपीचा विषय काढावाच लागतो. मधल्या पट्ट्यात घोळ असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी आकडा चढतो, अॅसिडिटीच्या पीपीआय गोळ्यांनीही चढतो आणि नुकतेच जुलाब होऊन गेले असतील तरीही. मधला आकडा आला तर वेदनाशामकं बंद करून चार-सहा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत करा; वेगवेगळ्या लॅबचे किट वेगळे असतात, आकड्यांची तुलना होत नाही. आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: आतड्याच्या क्षयातही कॅलप्रोटेक्टिन वाढतं आणि तो क्रोन्स या आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजाराची हुबेहूब नक्कल करतो. हा निवाडा बायोप्सीशिवाय होत नाही.

नमुना गोळा करताना

सगळ्यात जास्त रिपोर्ट इथे बिघडतात आणि याबद्दल कुणी नीट सांगत नाही. भारतीय संडासात आधी लघवी करून घ्या आणि पाणी टाका. मग भांड्यात, पाण्याच्या वर, वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या किंवा जुनं प्लॅस्टिकचं पसरट ताट ठेवा. कमोड असेल तर सीट उचलून कडेवर क्लिंग फिल्म सैल झोळीसारखी ताणा आणि सीट परत खाली टाका. नमुन्याला लघवी, नळाचं पाणी किंवा फिनेल लागता कामा नये. पाण्याने परजीवी फुटतात, फिनेलने मरतात. डबीतल्या चमच्याने तीन वेगवेगळ्या जागांहून थोडं थोडं घ्या. चिकट, आवेचा किंवा रक्ताचा भाग दिसला तर तो आधी घ्या. सुपारीएवढं पुरतं. डबी गच्च भरू नका, गॅसने झाकण उडतं.

साध्या मायक्रोस्कोपीसाठी पातळ शौच तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवं, कारण हलणारे परजीवी त्यानंतर ओळखू येत नाहीत. कात्रजला राहून डेक्कनची लॅब निवडली असेल तर नमुना ट्रॅफिकमध्येच संपतो. या एका तपासणीसाठी घराजवळची लॅब बरी. कॅलप्रोटेक्टिन आणि इलास्टेजला (स्वादुपिंडाच्या विकराची तपासणी, ती पुढे येते) इतकी घाई नसते, फ्रीजमध्ये ठेवता येतात. पण शनिवारी संध्याकाळी देऊ नका. गल्लीतली बहुतेक केंद्रं फक्त नमुना गोळा करतात आणि पुढे मुख्य लॅबला पाठवतात. रविवारभर ती डबी कुठे पडून असेल हे विचारायला लाजू नका. पाळीच्या दिवसांत किंवा मूळव्याध वाहत असताना नमुना देणं टाळा.

लॅब निवडताना एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) शिक्का बघाच, पण ती मान्यता तपासणीनिहाय असते. सीबीसीला मान्यता असलेल्या लॅबची कॅलप्रोटेक्टिन त्यात असेलच असं नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या लॅबची यादी उघडून तपासणीचं नाव शोधता येतं. प्राथमिक रक्ततपासण्यांचा खर्च झेपत नसेल तर ससूनमध्ये त्या अल्प दरात होतात. सकाळी लवकर जाऊन रांगेत उभं राहायची तयारी ठेवा.

दुसरी फेरी: तक्रारीनुसार

वरच्या पोटात जळजळ, लवकर पोट भरणं, करपट ढेकर असतील तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूचा शोध. त्यासाठी शौचातलं अँटिजेन किंवा युरिया ब्रेथ टेस्ट करा. पीपीआय १४ दिवस, अँटिबायोटिक ४ आठवडे आधी बंद हवीत, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येते. गोळ्या बंद करणं डॉक्टरांना विचारूनच. रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी स्वस्त असते, पण जंतू मेल्यावरही ती पॉझिटिव्ह राहते. तिच्या वाटेला जाऊ नका.

तेलकट, चिकट, भांड्याला लागून राहणारं शौच आणि उतरणारं वजन असेल तर फीकल इलास्टेज. २००च्या वर ठीक, १००च्या खाली स्वादुपिंडाच्या विकरांची कमतरता असण्याची दाट शक्यता. पण पाण्यासारख्या नमुन्यात इलास्टेज पातळ होऊन खोटंच कमी दिसतं, म्हणून घट्टसर शौचाचा दिवस धरा. पित्ताशय काढल्यावर सुरू झालेले जुलाब असतील तर डॉक्टरांना तेवढं एक वाक्य सांगा. पित्ताम्लांमुळे असं होतं आणि त्यावर वेगळं औषध आहे.

बद्धकोष्ठतेत जोर लावूनही अडकल्यासारखं वाटत असेल, बोटाने मदत करावी लागत असेल, तर कुठलीही रक्ततपासणी उपयोगाची नाही. तिथे अॅनोरेक्टल मॅनोमेट्री (गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजणारी तपासणी) आणि फुग्याची चाचणी लागते. ५० मिली पाणी भरलेला छोटा फुगा साधारण मिनिटभरात बाहेर टाकता यायला हवा. तो टाकता येत नसेल तर स्नायू उलट आवळले जात असतात. त्यावर बायोफीडबॅकचा सराव (यंत्रावर बघत स्नायू सैल सोडायला शिकणं) हा उपाय. रेचकं वाढवत नेऊन काही होत नाही. ही गोष्ट वर्षानुवर्षं निसटते, कारण लोक लाजतात आणि डॉक्टर विचारत नाहीत.

श्वासाची चाचणी

गॅस आणि पोट फुगणं हीच मुख्य तक्रार असेल तर हायड्रोजन-मिथेन ब्रेथ टेस्ट. माणसाच्या पेशी हायड्रोजन बनवत नाहीत, आतड्यातले जिवाणू बनवतात. तो रक्तात शिरून श्वासातून बाहेर येतो, तेवढाच मोजायचा. ती मोजक्या गॅस्ट्रो केंद्रांतच होते, म्हणून आधी फोन करून मिथेनही मोजतात का हे विचारा. नुसता हायड्रोजन मोजणारं यंत्र बद्धकोष्ठतेच्या रुग्णाला फारसं कामाचं नाही, कारण मिथेनचं नातं बद्धकोष्ठतेशीच आहे.

चाचणीचा निकाल आदल्या दिवसाच्या ताटावर ठरतो. अँटिबायोटिक ४ आठवडे बंद, रेचकं शक्यतो एक आठवडा. आदल्या दिवशी पांढरा भात, मीठ, थोडं तूप. चालत असेल तर अंडं किंवा कांदा-लसूण न घातलेलं चिकन, मासे. पोळी, डाळ, उसळ, दूध, फळं, कोशिंबीर, मध काही नाही. ‘वरणाचं वरचं पाणी घेतलं तर चालेल का?’ नाही चालणार. रात्रीपासून बारा तास उपाशी. सकाळी दात घासून जा. मिश्री, तंबाखू, सिगारेट, सुपारी, च्युइंगम बंद. चाचणीभर झोपू नका आणि जिने चढ-उतार करू नका, दोन्हीने आकडे हलतात. दोन-तीन तास दर १५ ते ३० मिनिटांनी फुंकायचं असतं, पुस्तक सोबत घ्या.

२०१७ च्या उत्तर अमेरिकी सहमतीनुसार ग्लुकोज ७५ ग्रॅम किंवा लॅक्टुलोज (न पचणारी साखर) १० ग्रॅम देतात. ९० मिनिटांच्या आत हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा २० पीपीएमने (दहा लाख भागांत २०) वाढला, तर लहान आतड्यात जिवाणूंची वाढ धरतात. मिथेन कधीही १० पीपीएम किंवा जास्त असेल तर ती पॉझिटिव्ह. मधुमेह असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोजबद्दल आधीच बोलून घ्या. लॅक्टुलोजची गोम अशी की काहींच्या पोटातून ते तासाभरात मोठ्या आतड्यात पोचतं, आणि तिथला अगदी रास्त गॅस ‘वाढ’ म्हणून नोंदला जातो. ग्लुकोज उलट वरच्या भागातच शोषलं जातं, खालचं काही दाखवत नाही. पहिलीच फुंकर २०च्या वर आली तर आदल्या दिवशी काहीतरी चुकलंय असं समजा आणि नवी तारीख घ्या.

लॅक्टोजची चाचणी २५ ग्रॅमची असते. हे साधारण अर्धा लिटर दुधातलं लॅक्टोज. ती पॉझिटिव्ह आली म्हणून अमृततुल्यचा कटिंग सोडायची गरज नाही, त्यात तीन ग्रॅमही नसतं. दही-ताक बहुतेकांना सोसतं. बासुंदी मात्र जपून.

फंक्शनल पॅनेलांचं काय?

या मोठ्या पॅनेलांमधले कामाचे घटक वर येऊन गेलेच आहेत: कॅलप्रोटेक्टिन, इलास्टेज, पायलोरी अँटिजेन, जंतूंचं पीसीआर. ते सुटे करून घेतले तर बरेच स्वस्त पडतात. उरलेल्यांत सर्वांत नुकसानीची म्हणजे अन्नपदार्थांची आयजीजी यादी (रक्तातल्या अँटिबॉडींवरून ‘न सोसणारे’ पदार्थ सांगणारी). आयजीजी४ (आयजीजीचाच एक उपप्रकार) चढलेलं असणं म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख झालेली आहे, एवढंच. रोज पोळी, दूध, शेंगदाणे खाणाऱ्याला तेच तीन लाल दिसणार. युरोपच्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच ही तपासणी निदानासाठी करू नये असं सांगितलं आहे. तरी त्यावरून लोक वीस पदार्थ सोडतात, वजन घालवून बसतात आणि गहू सुटल्यामुळे सीलिअॅकची तपासणीही निकामी करून ठेवतात.

जिवाणूंची टक्केवारी सांगणारे मायक्रोबायोम रिपोर्ट दिसायला देखणे असतात. पण निरोगी माणसाची ठरलेली रेंज अजून कुणाकडे नाही आणि कालच्या जेवणानेही आकडे हलतात. ‘लीकी गट’साठीच्या (आतड्याचं आवरण गळकं झाल्याचा दावा) झोन्युलिन या प्रथिनाच्या किटमध्ये नेमकं झोन्युलिनच मोजलं जातं का, यावरच संशोधकांनी प्रश्नचिन्ह लावलंय. शौचात कॅन्डिडा ही बुरशी सापडणं हे निरोगी लोकांतही होतं. वरची दोन ओळींची कसोटी या प्रत्येकाला लावून बघा.

रिपोर्ट आल्यावर

डॉक्टरांकडे चाळीस पानांची फाइल नेऊ नका. एका पानावर वहीचा सारांश, दुसऱ्यावर औषधं, तिसऱ्यावर तारखेनुसार रिपोर्टचे आकडे. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला दोन ते चार आठवडे द्या. इसबगोल, प्रोबायोटिक आणि ग्लूटेन-फ्री पीठ एकाच सोमवारी सुरू केलं, तर बरं कशाने वाटलं ते कळणार नाही आणि पुढे तिन्ही चालू ठेवावं लागेल. फ्रुक्टानसारखे आंबणारे पदार्थ वगळून बघायचे असतील तर दोन ते सहा आठवडेच. मग एकेक पदार्थ तीन-तीन दिवस वाढत्या प्रमाणात परत आणायचा. बहुतेकांना कांदा नडतो पण कांद्याची हिरवी पात चालते, हे अशा वेळी कळतं. पायलोरीचा कोर्स झाला असेल तर औषध संपल्यावर निदान चार आठवड्यांनी अँटिजेन परत करा, आणि त्याआधीचे १४ दिवस पीपीआय पुन्हा बंद ठेवा.